घरातील आयव्ही उन्हाळ्यात का मरते?

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून परतणाऱ्यांच्या हातांत रोपांच्या पिशव्या असतात. त्यांपैकी एखाद्या पिशवीतून पंचकोनी, पांढऱ्या कडांची नाजूक पाने असलेली वेल डोकावत असते. घरी आल्यावर ही आयव्ही दिवाणखान्यातील कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर विराजमान होते. फेब्रुवारीत तिला नवे फुटवे येतात, वेल खाली लोंबू लागते आणि घरातील मंडळी खूश होतात. मार्चच्या अखेरीस मात्र पानांवरची तकाकी उतरते. एप्रिलमध्ये पाने धुरकट, फिकट दिसू लागतात. मग काळजीपोटी पाणी वाढवले जाते, खत घातले जाते, कुंडी उन्हात ठेवून पाहिली जाते आणि मे महिन्यात कुंडीत केवळ वाळलेल्या काड्या उरतात. ‘आमच्या हाताला झाडे लागत नाहीत’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. दोष हाताचा नसून वेळापत्रकाचा असतो.

आयव्हीविषयीची बहुतेक पुस्तके आणि माहितीपत्रके युरोप-अमेरिकेतील हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. वसंतापासून शरदापर्यंत भरपूर पाणी व खत द्यावे आणि हिवाळ्यात हात आखडता घ्यावा, असा सल्ला त्यांत असतो. महाराष्ट्रातील शहरांत हाच सल्ला जसाच्या तसा पाळला तर वेल हमखास मरते. कारण आपल्याकडे तिच्या वाढीचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा असतो आणि उन्हाळा हा तिच्यासाठी निव्वळ तग धरण्याचा काळ असतो.

थंड मुलखातील वेल

आयव्हीचे शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. हे नाव १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. युरोप आणि पश्चिम आशिया हे तिचे मूळ घर. तिथल्या जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत ती जमिनीवर पसरते, खोडांवर आणि जुन्या भिंतींवर चढते. तिची एक बहीण, हेडेरा नेपालेन्सिस, आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवर आढळते. दोघींनाही गारवा प्रिय. साधारण १० ते २१ अंश सेल्सिअस तापमानात हेडेरा हेलिक्स सर्वांत सुखात असते. पारा २७ अंशांच्या वर गेला की वाढ मंदावते आणि पस्तिशी ओलांडली की जवळजवळ थांबते. पुण्यात जानेवारीत पहाटेचे तापमान १० ते १२ अंशांच्या आसपास असते, तर एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे तीन महिन्यांच्या आत ही वेल जणू दुसऱ्याच देशात जाऊन पोचते.

अनुकूल हवामानात मात्र तिचा जोम असा की तिला आवरणे कठीण जाते. अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलांत बागांतून निसटलेल्या आयव्हीने मूळच्या वनस्पतींना इतके ग्रासले की ऑरेगन राज्याने २०१० मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. तिथे जी तण म्हणून उपटून टाकली जाते, तीच इथे एका उन्हाळ्यात कोमेजते.

कुंडीतील आयव्ही ही खरे तर कायमची ‘बालवयातली’ वेल होय. निसर्गात ही वेल बरीच वर्षे चढत राहते आणि वर भरपूर उजेड मिळाला की तिचे रूप पालटते. पानांचे कोन नाहीसे होतात, चिकटून चढण्यासाठी फुटणारी हवाई मुळे येईनाशी होतात, फांद्या झुडपासारख्या ताठ होतात आणि शरद ऋतूत हिरवट-पिवळी फुले येऊन पुढे काळसर फळे धरतात. घरातील कुंडीत ही अवस्था सहसा येत नाही. त्यामुळे ‘आमच्या आयव्हीला फुले का येत नाहीत’ या प्रश्नाची चिंता करू नये.

कुंडीत ती इतकी लोकप्रिय होण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अमेरिकेत १९२०च्या दशकात पुढे आलेल्या ‘पिट्सबर्ग’ नावाच्या वाणाकडे जाते. जुन्या आयव्हीची एकच लांब वेल सुटत असे. या वाणाला मात्र प्रत्येक पेरातून आपोआप फुटवे येत आणि कुंडी भरगच्च दिसे. आज ‘ग्लेशियर’, ‘गोल्ड चाइल्ड’, ‘नीडलपॉइंट’ अशा अनेक नावांनी घरगुती वाण मिळतात.

खरेदी करताना नावाचा घोळ

रोपवाटिकेत ‘आयव्ही’ म्हणून मिळणारी प्रत्येक वेल आयव्ही असेलच असे नाही. मनी प्लांटला इंग्रजीत डेव्हिल्स आयव्ही म्हणतात. त्याचा आयव्हीशी काही संबंध नाही. शहरातील कुंपणांच्या भिंतींना घट्ट चिकटून चढणारी बारीक पानांची वेल बहुधा फायकस प्युमिला असते, म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातली. स्वीडिश आयव्ही तुळशीच्या कुळातली, तर ग्रेप आयव्ही आणि बोस्टन आयव्ही द्राक्षाच्या कुळातल्या. इतकेच काय, आपल्या तोंडलीलाही इंग्रजीत आयव्ही गोर्ड असे नाव आहे. तिची पाने आयव्हीसारखी कोनदार असतात एवढेच त्याचे कारण.

साहित्यातही हा घोळ आहेच. ओ. हेन्री यांच्या ‘द लास्ट लीफ’ या प्रसिद्ध कथेतील भिंतीवरच्या आयव्हीची पाने नोव्हेंबरच्या थंडीत एकेक करून गळत जातात. खरी आयव्ही सदाहरित असते. थंडीत ती सगळी पाने टाकत नाही. तेव्हा कथेतील ती वेल बोस्टन आयव्हीसारखी पानगळ होणारी एखादी असावी, असे म्हणावे लागते. कथेची गोडी त्याने कमी होत नाही. पण घरच्या आयव्हीची पाने भराभर गळू लागली तर ते ऋतुमान नव्हे, आजार समजावा.

खरी आयव्ही ओळखण्यासाठी पान पाहावे. तीन ते पाच कोनांचे, किंचित चामड्यासारखे, फिकट शिरांचे पान आणि खोडावर पेरांपाशी बारीक मुळांची दाटी असेल तर ती हेडेरा. विकत घेताना पान उलटून खालची बाजू जरूर पाहावी. तिथे बारीक ठिपके किंवा जाळी दिसली तर कितीही सुंदर असली तरी ती कुंडी घेऊ नये. घरी आणलेले नवे रोप दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवणे शहाणपणाचे.

उजेड हवा, ऊन नको

आयव्ही सावलीतली वेल आहे असे सांगितले जाते, म्हणून ती अनेक घरांत बाथरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा टीव्हीमागे ठेवली जाते. जंगलातील सावली आणि फ्लॅटमधील कोपरा यांत मोठा फरक आहे. झाडाखालची सावली डोळ्यांना गर्द वाटली तरी तिथे आकाशाचा उजेड असतो. घरात दिवा न लावता वर्तमानपत्र सहज वाचता येईल अशी जागा आयव्हीला पुरते. त्याहून अंधार असेल तर पेरे लांबत जातात, पाने लहान होतात आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या वाणांची पाने हळूहळू साधी हिरवी येऊ लागतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने अशा वाणांना उजेड जास्तच लागतो. हिरव्या झालेल्या फांद्या दिसताच छाटाव्यात. त्या अधिक जोमाने वाढून इतरांना मागे टाकतात.

पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी सर्वांत उत्तम. हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळाले तर वेल खुलते. पश्चिमेची गॅलरी मात्र फेब्रुवारीनंतर वर्ज्य समजावी. तिथली लोखंडी जाळी, फरशी आणि काच दुपारी तापतात आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतात. होळीच्या सुमारास कुंडी खिडकीपासून चार-पाच फूट आत, घरातील सर्वांत गार खोलीत हलवण्याची सवय ठेवली तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

विदर्भात उन्हाळी कूलरचा आयव्हीला चांगला उपयोग होऊ शकतो. कूलरची हवा गार आणि दमट असते, नेमकी या वेलीला हवी तशी. फक्त कुंडी थेट झोतात ठेवू नये. एअर कंडिशनर गारवा देतो, पण हवा कोरडी करतो. त्या खोलीत चार-पाच कुंड्या एकमेकींच्या जवळ ठेवल्यास पानांभोवती थोडा ओलावा टिकतो. मातीच्या कुंडीचाही इथे फायदा आहे. माठातले पाणी जसे झिरपून गार होते, तशीच मातीच्या कुंडीतील मुळेही गार राहतात. अर्थात ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते, याचे भान ठेवावे लागते.

पाण्याचा फसवा हिशेब

घरातील आयव्ही तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक दगावते. याचे कारण फसवे आहे. पाणी कमी पडले तरी पाने मलूल होतात आणि पाणी जास्त झाले तरीही मलूलच होतात. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. भोवती पाणी असूनही वेल तहानलेली दिसते. ते पाहून घरमालक आणखी पाणी घालतो. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहणे हा एकच उपाय. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि देताना ते तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्यावे. अर्ध्या तासाने खालच्या ताटलीतील पाणी ओतून टाकावे. रोज सकाळी चमचा-दोन चमचे पाणी घालण्याची पद्धत सर्वांत वाईट. तिने वरची माती चिखल होते आणि तळची मुळे कोरडी राहतात.

वारांचे वेळापत्रक ठरवता येत नाही. एकच कुंडी डिसेंबरात आठवड्यातून एकदा, एप्रिलमध्ये दर दोन-तीन दिवसांनी आणि मुंबईच्या जुलैत दहा दिवसांनी पाणी मागू शकते. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली की बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

माती भुसभुशीत हवी. रोपवाटिकांत लाल मातीचे घट्ट ढेकूळ मुळांभोवती असते. घरी आणल्यावर महिनाभराने, पण फेब्रुवारीच्या आत, कुंडी बदलणे योग्य. दोन भाग कोकोपीट, एक भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट हे मिश्रण चालते. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा इंच-दोन इंचच मोठी असावी. मोठ्या कुंडीतील जादा माती ओलीच राहते. आयव्हीला चुनखडीची माती चालते, त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्याने ती लगेच बिघडत नाही. मात्र मातीवर पांढरा थर धरू लागला तर महिन्यातून एकदा भरपूर साधे पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत.

खताविषयी एवढेच सांगणे पुरे : ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मे. मार्चनंतर बंद. उन्हाळ्यात वाढ थांबलेल्या वेलीला खत घातले तर ते मुळांपाशी साचून त्यांना भाजते.

लाल कोळी : खरा शत्रू

उष्णतेने वेल खंगते, पण तिचा जीव घेण्याचे काम बहुधा लाल कोळी करतो. शेतकऱ्यांना वांगी, भेंडी, गुलाबावरचा हा कोळी चांगला परिचित आहे. शहरी घरात तो येतो तेव्हा मात्र ओळखला जात नाही. टाचणीच्या टोकाहूनही लहान असलेला हा आठ पायांचा जीव पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो. पानावर प्रथम असंख्य फिकट ठिपके पडतात, मग सारे पान धुळकट, करडे दिसते आणि शेवटी फांद्यांच्या बेचक्यांत बारीक जाळे दिसू लागते. जाळे दिसले म्हणजे फार उशीर झाला.

गरम, कोरडी हवा हे त्याचे नंदनवन. तापमान तिशीच्या आसपास असेल तर अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला जेमतेम आठवडा लागतो, आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. मार्चमधले चार-दोन कोळी एप्रिलअखेर हजारोंच्या घरात कसे जातात, हे त्यावरून ध्यानात यावे. युरोपातील घरांत हेच संकट हिवाळ्यात येते, कारण तिथे हीटरमुळे खोल्या गरम व कोरड्या होतात. ऋतू उलटा असला तरी कारण एकच.

तपासणी सोपी आहे. पांढरा कागद पानांखाली धरून फांदी हलकेच झटकावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी होत. औषधाआधी पाणी वापरावे. कुंडीचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधून, वेल आडवी करून नळाच्या किंवा शॉवरच्या धारेखाली पानांची खालची बाजू स्वच्छ धुवावी. फेब्रुवारी ते जून या काळात दर आठवड्याला हा ‘अभ्यंगस्नानाचा’ कार्यक्रम केला तर बहुतेक घरांत फवारणीची वेळच येत नाही. केवळ पिचकारीने हवेत पाणी उडवून काही साधत नाही. त्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो.

लागण झालीच असेल तर जास्त खराब फांद्या कापून पिशवीत बंद करून टाकाव्यात. उरलेल्या वेलीवर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी एका पानावर प्रयोग करून पाहावा. अंड्यांवर या फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नसल्याने पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा फवारणी करणे आवश्यक असते. एकदा फवारून सोडून देणे ही नेहमीची चूक. आणखी एक गोष्ट महत्त्वाची : कोळी हा कीटक नव्हे. मावा किंवा फुलकिड्यांसाठी आणलेली कीटकनाशके त्याच्यावर बहुधा चालत नाहीत, आणि शेतीची विषारी औषधे बंद खोलीत फवारणे घरच्यांसाठी धोक्याचे असते.

पावसाळ्यात चित्र पालटते. कोळी ओसरतात, पण दमट हवेत पानांवर पाणचट, पिवळ्या कडांचे काळपट डाग पडू लागतात. हा बहुधा जिवाणूजन्य रोग असतो आणि तो पानांवरील पाण्यातून पसरतो. त्या दिवसांत पाने कोरडी ठेवावीत, डागाळलेली पाने काढावीत, खिडकी उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर आयव्हीला न्हाऊ घालू नये.

मुले, मांजरे आणि खोकला

आयव्हीची पाने व फळे पोटात गेल्यास त्रास होतो. त्यांतील सॅपोनिन या द्रव्यांमुळे उलट्या, जुलाब, तोंडाची जळजळ होऊ शकते. लोंबणाऱ्या वेलीचे मांजराला विशेष आकर्षण, आणि रांगणाऱ्या मुलालाही. कुंडी उंचावर टांगावी. पानांच्या रसातील फाल्करिनॉलमुळे काहींच्या हाताला खाज सुटून पुरळ येते, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत. औषधांच्या दुकानात आयव्हीच्या पानांच्या अर्कापासून केलेली खोकल्याची औषधे मिळतात हे खरे. परंतु तो अर्क ठरावीक मात्रेत, प्रक्रिया करून वापरलेला असतो. कुंडीतील पानांचा काढा करून पिणे हा त्याला पर्याय नाही. मुलाने पान खाल्ल्यास घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना गाठावे.

आयव्हीने घरातील हवा शुद्ध होते, हे तिच्या विक्रीचे मोठे कारण. या समजाचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ मधील अभ्यासात आहे. बी. सी. वुल्व्हर्टन यांनी लहान, हवाबंद पेट्यांत रोपे ठेवून प्रयोग केले तेव्हा आयव्हीने पेटीतील बेन्झिन लक्षणीय प्रमाणात कमी केले होते. घर मात्र हवाबंद पेटी नसते. ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली. खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या देवघेवीइतकी शुद्धी साधायची तर दर चौरस मीटर जागेत १० ते १,००० रोपे लागतील, असे त्यांना आढळले. तेव्हा आयव्ही तिच्या पानांसाठी आणावी. हवेसाठी खिडकी उघडावी.

ऑक्टोबरमधील विमा

इतके करूनही नागपूर, जळगाव, सोलापूरसारख्या शहरांत एखादी वेल मे महिना पाहत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र वेल मेली हे लवकर कळतही नाही, कारण आयव्हीची पाने सुकल्यावरही काही काळ हिरवट राहून जागच्या जागी कुरकुरीत होतात. खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर कुंडी टाकू नये. सुकलेला भाग छाटून, गार जागी, बेताचे पाणी देत राहावे. गारवा आल्यावर तळातून फुटवे येण्याची शक्यता असते.

जाणकार मंडळी मात्र वेल मरण्याची वाट पाहत नाहीत. पाऊस ओसरून हवा सुखद झाली की ते छाट कलमे करतात. चार ते पाच इंच लांबीच्या, फार कोवळ्या नाहीत आणि फार जून नाहीत अशा फांद्या पेराच्या किंचित खाली कापाव्यात. खालची दोन पाने काढून त्या काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवाव्यात किंवा थेट ओलसर कोकोपीटमध्ये खोचाव्यात. पाण्यातील मुळे दिसतात म्हणून मुलांना ते आवडते, पण मुळे इंचभर झाली की कलमे मातीत लावावीत. फार दिवस पाण्यात राहिलेली मुळे मातीत रुळायला वेळ घेतात. तीन-चार आठवड्यांत कलम धरते. एका कुंडीत एकच काडी न लावता पाच-सहा लावाव्यात आणि दोन-तीन नवी पाने आली की प्रत्येकीचा शेंडा खुडावा, म्हणजे कुंडी भरगच्च होते. दिवाळीला लावलेली कलमे होळीपर्यंत चांगली मुळे धरतात. त्यांतली एक कुंडी घरातील सर्वांत गार खिडकीशी ठेवावी आणि दुसरी शेजाऱ्यांकडे द्यावी. एखाद्या घरची वेल उन्हाळ्यात गेली, तर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या घरून फांदी आणता येते.